एक नाव कोरं राहिलं

एबोच्या नावाची किंमत बेटिंग कंपनीने ठरवून टाकली होती. एक सेडी ऐंशी पेसवे. कुठल्याही दिवशी, कुठल्याही मॅचवर, एबो एसिल्फी या नावाने त्याहून जास्त लावता येत नव्हते. तेवढ्यात घानातल्या टाकोराडीच्या बाजारात एक उकडलेलं अंडंही येत नाही, वरची मिरची तर सोडाच.

कारण साधं होतं. एबो जिंकत होता.

जो हरतो त्याला या कंपन्या वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवतात. दहा सेडी फुकट खेळायला देतात. शाळेच्या भिंतीवर जाहिरात रंगवून पोरांशी आत्तापासून ओळख वाढवतात. जिंकणाऱ्याला मात्र ते हाकलत नाहीत, कारण हाकललं तर बोभाटा होतो. ते त्याचं तोंड बारीक करतात, इतकं बारीक की भाताचं शीतसुद्धा आत जाऊ नये. आणि याला खेळ म्हणायचं. ज्यात एका बाजूला कधीच हरायचं नसतं, त्याला दुसरा शब्द आहे, आणि तो शब्द सगळ्या भाषांत आहे.

चार वर्षं एबो यावर जगला होता. लोकांना वाटतं तसा गॉगल लावून, पोरी फिरवत नाही. कारकुनासारखा. सकाळी एकुआ आत्याच्या चुलीमागे फळीवर बसायचा आणि फोनवर फिनलंड-नॉर्वेच्या खालच्या फळीतल्या संघांच्या बातम्या वाचायचा. कोणाचा गोलकीपर लंगडतोय, कोण नऊ तास बसमधून येतंय, कुठे बर्फ पडलाय. तीनशे मॅचेसमधून चार खेळायच्या. बऱ्याच शनिवारी एकही नाही. वर्षाच्या शेवटी शाळामास्तराएवढं सुटायचं.

मग त्याचं नाव एक सेडी ऐंशीवर आणून ठेवलं, म्हणजे बंदच झालं. त्याने भावाच्या नावाने खेळायला सुरुवात केली. ते पाच आठवडे टिकलं. मग चुलतभाऊ, मग त्यांच्या बायका. मग आत्या. आत्या केंकी विकायची, मक्याच्या पिठाचे गोळे केळीच्या पानात बांधून. फुटबॉलची मॅच तिने जन्मात पाहिली नव्हती. तिचं नाव तीन महिने चाललं. शेवटी कंपनीलाही प्रश्न पडला असणार, की चौसष्ट वर्षांच्या केंकीवालीला नॉर्वेतल्या पोराचा गुडघा दुखतोय हे कळतं कसं.

"जन्मात पहिल्यांदा कुठेतरी जिंकत होते," आत्या म्हणाली, "तर मेल्यांनी दारच लावलं."

सतरा नावं संपली. घरात अठरावं नव्हतं.

आणि नेमकं त्याच महिन्यात अबाच्या घरी दार ठोठावायला, म्हणजे रीतीने मागणी घालायला जायचं ठरलं. अबा सेकोंडीत शाळेचे गणवेश शिवायची. तिचे वडील नव्हते. शब्द चालायचा तो तिच्या मामाचा, आणि आमच्याकडे कूळ आईचं, त्यामुळे वडील असते तरी मामाचाच चालला असता.

शनिवारी सकाळी व्हॅनमध्ये आत्याने मागणीच्या रीतीची जिनची बाटली मांडीवर बाळासारखी धरली होती.

"मी सांगणार, कॉम्प्युटरवर काम करतो."

"आत्या, खोटं नको."

"खोटं कसलं? फोन म्हणजे छोटा कॉम्प्युटरच की."

"अबाला शब्द दिलाय मी."

"मग तू तोंड उघडू नको. मागायला आलेल्या पोराने तसंही बोलायचं नसतं."

बायडू मामा खुर्चीत ताठ बसले होते. एकतीस वर्षं रेल्वेच्या वर्कशॉपात काढलेला माणूस, हातावर जुन्या ठिणग्यांचे पांढरे डाग. भिंतीकडेने अबाची आई, मावश्या, दारात चुलत भावंडं, खिडकीत पोरं. अबा रीतीप्रमाणे आतल्या खोलीत, पडद्यामागे.

आत्याने बाटली पुढे ठेवली. "वाटेने जात होतो, तुमच्या बागेत एक फूल दिसलं. नुसतं तोडून नेणारे आम्ही नाही, म्हणून विचारायला आलो."

"बरं केलंत, ताई. मुलगा काय करतो?"

"कॉम्प्युटर—"

"बेटिंग करतो, मामा," एबो म्हणाला. "चार वर्षं त्यावरच पोट भरलं."

आत्याने डोळे मिटले. कुठल्याशा मावशीचा पंखा हलायचा थांबला.

"वर्कशॉपात माझ्यासोबतचे अर्धे लोक लॉटरीवर जगायचे," मामा म्हणाले. "म्हणजे मरायचे. तू जिंकतोस?"

"वर्षाचा हिशेब धरला तर हो."

"मग घर कुठाय?"

"जिंकलं की ते नाव बंद करतात."

आणि मग त्याने सगळंच सांगितलं. भावाचं, आत्याचं, गुडघा दुखणाऱ्या पोराचं. खिडकीतली पोरं हसली. मामा हसले नाहीत.

"किती नावं खाल्लीस?"

"सतरा."

"उरली किती?"

"एकही नाही."

मामांनी खोलीभर सावकाश नजर फिरवली. मावश्यांवरून, दारातल्या भावंडांवरून. "या घरात मोठी माणसं किती, ठाऊक आहे तुला?"

एबोला नाही म्हणता आलं असतं. कोणाला कळलं असतं?

"एक्केचाळीस," तो म्हणाला.

"त्रेचाळीस. दोघं अक्राला असतात." मामा पुढे वाकले. "म्हणजे मोजून आलास. माझी भाची मागायला आलायस, की त्रेचाळीस कोरी नावं?"

"अहो, आम्ही तर फूल—" आत्या बोलायला लागली.

"फूल एकच पाहिलंत, ताई. पण बाग मोजलीत."

एबोचे कान तापले. "एकदाच मोजली, मामा. जूनच्या पावसात. दोन महिने काही आलं नव्हतं. मोजून झाल्यावर स्वतःचीच किळस आली. त्यानंतर नाही."

मामांनी हाक मारली तशी अबा बाहेर आली, अंगावर नवं कापड, नजर खाली. एबोकडे तिने पाहिलं नाही. पडद्याआड सगळं ऐकू जातं.

"अबा, ऐकलंस ना? ही बाटली घ्यायची का?"

"घ्या."

"दुसऱ्यांदा विचारतो. घ्यायची?"

"घ्या."

"तिसऱ्यांदा विचारतो. यानंतर मी विचारणार नाही."

अबाच्या आईने तिच्या पाठीला हलकेच बोट लावलं. मग अबाने मान वर केली.

"आधी त्याला एक विचारायचंय."

"अगं, अशी रीत नाही," मावशी कुजबुजली.

"रीत मला माहिती आहे, मावशी." ती एबोकडे वळली. "जूनमध्ये तू दिवसातून एकदा जेवत होतास. तेव्हा मी माझं ओळखपत्र तुझ्या हातात ठेवलं होतं. माझ्या नावाने खेळ म्हणाले होते. तू परत दिलंस. का? पुढच्या मोठ्या संधीसाठी राखून ठेवलं होतंस?"

एबोने जमिनीकडे पाहिलं. उत्तर त्याला माहीत होतं, पण ते कधी तोंडाने काढलं नव्हतं.

"मी ज्या नावाला हात लावला त्याच्यावर त्यांनी शिक्का मारला. भावाच्या, आत्याच्या. ही माणसं एवढ्याच लायकीची, असा शिक्का. तुझं नाव मी रोज सकाळी उठून घेतो, अबा. ते तरी कोरं राहावं असं वाटलं." थोडं थांबून तो म्हणाला, "आणि दुसऱ्याच्या नावावर चालतं ते माझं काम नाहीच, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलं होतं. भूक लागली की विसरायचो."

अबाने नाक ओढलं.

"घ्या, मामा," ती म्हणाली.

मामांनी बाटली उचलली, खिडकीच्या उजेडात धरली. सगळ्यांना वाटलं आता बूच निघणार, पूर्वजांच्या नावाने दोन थेंब जमिनीवर पडणार. मामांनी ती तशीच मांडीवर ठेवली.

"कुठला धंदा पोट भरतो आणि कुठला नाही, हे मला विचारू नकोस, पोरा. माझी नोकरी पक्की होती. सरकारी. एक दिवस सकाळी गेलो तर फाटकाला कुलूप. आज त्या रुळांवर बायका मासे वाळवतात. पण नाव माझं होतं. दुसऱ्या दिवसापासून त्याच नावाने लोकांच्या गेटांना वेल्डिंग करायला लागलो." त्यांनी बुचावरून अंगठा फिरवला. "तू ठोठावलंस, आम्ही दार उघडलं. बाटली ठेवून घेतो. फोडणार नाही. दुसऱ्यांदा येशील तेव्हा ताईंनी सांगायचं, हा काय करतो. तुझ्या स्वतःच्या नावावरचं काहीही चालेल. मासे विक. मग दोन्ही बाटल्या एकदम फोडू."

"आणि खोटं बोलणार नाहीस हे आज कळलंच," अबाची आई पहिल्यांदाच बोलली. "एक्केचाळीस म्हणे. गाढव."

आत्या बाहेर येईपर्यंत रडली नाही, मग रस्त्यात रडली आणि वर एबोलाच ओरडली. अबा त्यांना व्हॅनपर्यंत सोडायला आली. आत्या मुद्दाम पुढे चालत राहिली.

"परत यायला किती दिवस लावशील?" अबाने विचारलं.

"बंदरावर बर्फाच्या गोदामात माणूस हवाय. माल मोजून लिहायला. सोमवारी जाऊन बघतो."

"नॉर्वे सोडवेल?"

"वाचत बसेन. वाचायला बंदी नाही."

अबा व्हॅनच्या दाराला टेकली. "तू परत येशील, यावर कंपनी किती लावू देईल?"

"माझ्या नावावर? एक सेडी ऐंशी."

अबाने कमरेच्या कापडाची गाठ सोडली आणि दोन सेडींचं नाणं त्याच्या तळहातावर ठेवून त्याची बोटं मिटली.

"मग मी लावते," ती म्हणाली. "वरचे वीस पेसवे परत आणून द्यायचे. तू स्वतः यायचं. आत्याबरोबर पाठवायचे नाहीत."