को शि-तांगने वेग उतरवला

तैपेईच्या संगणक बाजारात उभी हयात गेलेल्या को शि-तांगचं एकच तत्त्व होतं : कारखान्याने ठरवून दिलेला वेग भित्र्या माणसांसाठी असतो. घरच्या संगणकाच्या प्रोसेसरला तो चौदा वर्षं जादा व्होल्टेज पाजून त्या वेगाच्या कितीतरी पुढे पळवत आला होता. प्रोसेसरने कधी तक्रार केली नव्हती. तशी सोय त्यात नव्हती.

आता मात्र तो सारखा मान टाकू लागला, आणि तेही बायकोच्या, आ-यानच्या, कामात. तिच्या वडिलांच्या हातबाहुल्यांच्या खेळांच्या जुन्या टेपा जोडून ती एक फिल्म करत होती. रविवारी देवळाच्या उत्सवात ती दाखवायची होती. हातांना कंप सुटल्यापासून म्हाताऱ्याने बाहुली उचलली नव्हती. फिल्म जोडायचा प्रोग्रॅम इतका जुना, की नव्या संगणकावर तो चालत नव्हता.

कोने आधी तैवानी रिवाजाप्रमाणे संगणकावर ठेवलेलं खोबऱ्याच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट तपासलं. ते असलं की यंत्र शहाण्यासारखं वागतं. पाकिटाची मुदत संपली होती.

"सापडलं," तो म्हणाला.

त्याने ताजं पाकीट आणून ठेवलं आणि हात लागलाच आहे म्हणून व्होल्टेजही थोडं चढवलं. दुपारभर यंत्र चाललं. श्रेय पाकिटाला मिळालं. संध्याकाळी ते पुन्हा बंद पडलं.

"पिवळं नाही ना आणलंस?" आ-यानने विचारलं. पिवळ्या पाकिटाने यंत्र बिथरतं, हे तिथे पोरंसोरंही सांगतील.

"हिरवंच आहे. व्होल्टेज अजून जरा चढवतो."

"लाओ को, दुकानात गिऱ्हाइकांना काय सांगायचास? जादा विजेने आतल्या तारा झिजतात म्हणून?"

"ते गिऱ्हाइकांसाठी."

"मग ह्याच्या तारा काय देवाने ओवल्यात?"

कोने हिरवं पाकीट उगाच सरळ केलं.

"बाबा रविवारी पुढच्या रांगेत बसणार आहेत. तुझी इज्जत सोमवारी परत घे."

कोने व्होल्टेज उतरवलं, वेगही उतरवला. थेट भित्र्या माणसांच्या पातळीवर. चौदा वर्षं केकाटणारा पंखा इतका शांत झाला, की यंत्र जिवंत आहे ना हे त्याने दोनदा हात लावून पाहिलं. काम गोगलगायीसारखं सरकत राहिलं. पण अडलं नाही. शनिवारी दुपारी फिल्म तयार झाली. आ-यान चहा ठेवायला गेल्याची खात्री करून कोने यंत्रापुढे मान लववली.

"फार राबलास रे," तो म्हणाला. "माझ्या हौसेपायी."

रविवारी देवळाच्या पटांगणात सासऱ्यांनी पडद्यावर स्वतःचे हात पाहिले : बाहुली उडी मारते, तलवार फिरवते, पंखा उघडते. मांडीवरची त्यांची बोटं त्याबरोबर हलू लागली. थरथरत होती, पण ताल चुकत नव्हता.

आ-यानने नवऱ्याचा दंड घट्ट धरला.

"आ-तांग," फिल्म संपल्यावर म्हातारा जावयाला म्हणाला, "पुन्हा लाव."

कोने ती पहिल्यापासून लावली.