भरल्या गाडीचा आवाज

"सगळे एकदम गप्प! शिंकसुद्धा आतल्या आत द्यायची!" मी मागे वळून ओरडले, आणि काय नवल, गाडीतली सगळी चिल्लीपिल्ली खरंच गप्प झाली.

मधल्या सीटवर, मांडीवर दोन दप्तरं घेऊन, सर्व्हिस सेंटरचे इंजिनिअर अंग चोरून बसले होते. कुणाची तरी पाण्याची बाटली त्यांच्या चकचकीत बुटावर गळत होती. स्टिअरिंगवर माझी आत्या. शाळेच्या पोरांची ने-आण करणारी ही गाडी तिचीच.

"घ्या मॅडम, चढावर घ्या."

आत्याने गिअर टाकला, गाडी चढाला लागली आणि तो आला. आधी डासाएवढा, मग घोंघावत घोंघावत थेट पायाखालून. घूंऽऽऽ!

"आला! कॅप्टन, आला!" पोरांनी चोर पकडल्यासारखा गिल्ला केला. आत्याला गाडीत सगळे कॅप्टनच म्हणतात.

इंजिनिअरांनी डोळे मिटून ऐकलं. मी तर जाम खूश. कित्येक महिने ह्या आवाजाने आम्हाला वेड्यात काढलं होतं! आत्याने तो दाखवायला गाडी किती वेळा नेली असेल. दर वेळी हेच साहेब एक चक्कर मारून यायचे आणि म्हणायचे, "कुठाय आवाज? लोण्यासारखी चालतेय." आत्या ओशाळून हसायची. "माझेच कान वाजत असतील," म्हणायची.

कान कसले वाजतायत! पण आत्याची एक रीत आहे. परक्याच्या दारात आपला पसारा न्यायचा नाही. सर्व्हिस सेंटरला जायचं तर सुट्टीच्याच दिवशी. आदल्या संध्याकाळी गाडी धुवायची, मागची जादाची सीट काढून घरात ठेवायची, सीटखालच्या पेन्सिली, मोजे, अर्धी खाल्लेली बिस्किटं सगळं झाडून काढायचं. स्वतः इस्त्रीचा ड्रेस घालायचा. डॉक्टरकडेही ती अशीच जाते, वेणीफणी करून, पावडर लावून, आणि डॉक्टरांनी विचारलं की, "तशी बरी आहे." मग डॉक्टर तरी काय करणार?

आज मात्र शाळा सुटल्यावर आवाज एवढा वाढला, की घाबरून तिने भरली गाडीच सर्व्हिस सेंटरच्या फाटकातून आत घातली.

चढावरून परत आल्यावर आम्हाला उतरवून गाडी वर उचलली. इंजिनिअरांनी गिअरबॉक्समधलं थोडं तेल बोटावर घेतलं आणि उजेडात धरलं. तेल चमचम करत होतं.

"अय्या, चमकी!" आमच्यातली सगळ्यात छोटी म्हणाली.

"धातूचा चुरा आहे, बाळा." मग ते आत्याकडे वळले. "बेअरिंग गेलंय मॅडम. त्याचा चुरा सगळीकडे फिरून गिअरचे दातेही खराब झालेत. आख्खा गिअरबॉक्स बदलावा लागेल."

"मग बदला ना!" मी म्हटलं.

"वॉरंटी गेल्या आठवड्यात संपली."

"वा! आणि आम्ही इतक्यांदा आलो ते काय हवा खायला?"

"आलात. पण रिकामी गाडी आणलीत. वजन नसलं की हा आवाज दबून राहतो. मीही विचारायला हवं होतं, कधी येतो म्हणून." त्यांनी बोट पुसलं. "आजच्यासारखी भरलेली एकदा जरी आणली असतीत..."

त्यांनी आत जाऊन वरच्या साहेबांना फोन लावला, बराच वेळ बोलले, आणि बाहेर येऊन फक्त नकाराची मान हलवली.

गाडी खाली घेतली होती आणि आत्या तिच्या दाराला धरून उभी होती. "तुम्हाला पोरांचा त्रास नको, म्हणून..."

"आत्या, भांड ना गं!" मी तिच्या कानात कुजबुजले.

"कुणाशी?" ती म्हणाली. मग वाकून तिने साहेब बसले होते त्या सीटवरचा बिस्किटांचा चुरा तळहाताने गोळा केला. "सॉरी हं साहेब, तुमचे बूट भिजले."

"रिकामी चालेल थोडे दिवस," ते म्हणाले. "माणसं भरू नका."

नव्या गिअरबॉक्सची ऐपत नव्हती. गाडीचे हप्तेच अजून चालू होते. त्या संध्याकाळी आत्याने एकेका घरी फोन केला. "दुसरी गाडी बघा. नाही नाही, मी मजेत आहे." प्रत्येक फोनला तेच. मी शेजारी बसून नखं खात होते. एरवी शाळेच्या स्टेजवर माईकसुद्धा लागत नाही मला! पण तिच्या हातातून फोन ओढून घेऊन "नाही हो, ती मजेत नाहीये," एवढं म्हणायला काही जमलं नाही.

सकाळी ती मला एकटीलाच शाळेत सोडायला निघाली. तोच चढ. मी कान टवकारले. काही नाही. गाडी लोण्यासारखी चालली होती.

निळ्या फाटकापाशी आत्याने सवयीने वेग कमी केला. चमकीवाली छोटी रोज तिथे उभी असायची. आज फाटक बंद होतं. तरी आत्या थांबली. हात मागे नेऊन तिने सरकतं दार उघडलं, क्षणभर तसंच ठेवलं, आणि हळूच लावून घेतलं.