उकिरड्यावरचं नाव

कानातलं यंत्र काढून साहेबांनी ते कुंदाबाईंच्या तळहातावर ठेवलं.

"सांभाळ. भिजलं तर कामातून जाईल."

"मग नका ना खाली जाऊ. इथूनही दिसतोय की धबधबा."

पण ऐकणार कोण? यंत्र कानात होतं तेव्हाही बायकोचं कुठे ऐकत होते! पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ते उतरले, थेट कुंडातल्या मधल्या खडकावर गेले आणि सगळ्यांकडे पाठ करून धबधबा बघत उभे राहिले.

कुंदाबाई वरच्या पायवाटेवरच बसल्या. गुडघा दुखत होता. शेजारी ज्योत्स्ना होती, महिन्याभरापूर्वी घरात आलेली सून. मुलगा, योगराज, गाडीतून छत्र्या आणायला गेला होता.

सकाळी जळगावहून निघताना साहेबांनी पुन्हा बजावलं होतं, "सुनेसमोर ते नाव काढायचं नाही." लग्नपत्रिकेवर त्यांनी 'उदय चौधरी' छापून घेतलं होतं. खरं नाव उखर्डू. आधीची तीन भावंडं गेली, म्हणून मायने चौथ्याला उकिरड्यावर लोळवलं आणि असलं नाव ठेवलं, की मरणालाही त्याची किळस यावी. पोर जगलं. पुढे कचेरीत साहेब झालं आणि त्याच नावाची त्याला लाज वाटायला लागली. खरं तर कुंदाबाईंना बजावायची गरजच नव्हती. नवऱ्याचं नाव त्यांनी चाळीस वर्षांत एकदाच घेतलं होतं, लग्नातल्या उखाण्यात.

"आई, पाणी बघा ना," ज्योत्स्ना म्हणाली.

कडेचं पाणी एकाएकी गढूळ झालं होतं. पालापाचोळा, काटक्या वाहत येत होत्या. वर सातपुड्यात कुठेतरी धो धो कोसळला असणार.

"लोंढा येतोय!" खाली कुणीतरी ओरडलं. कुंडातली माणसं चपला तिथेच टाकून काठाकडे धावली. खडकावर एकटे साहेब उरले, हाताची घडी घालून.

"पप्पाऽ! पप्पाऽ!"

"अहोऽ! मागे बघा, अहोऽ!"

काठावरच्यांनी शिट्ट्या वाजवल्या. पण पाण्याच्या त्या आवाजात सगळं फुकट. ज्योत्स्ना खाली धावायला निघाली तसा कुंदाबाईंनी तिचा हात गच्च धरला. एक माणूस पाण्यात असताना दुसरं कशाला घालवायचं? साहेबांच्या घोट्यांवरून पाणी पोटऱ्यांवर चढलं आणि हा बाबा आपला खुशाल वर बघतोय!

कुंदाबाई उठल्या. गुडघ्यातून कळ गेली. फैजपूरला केळीच्या बागेच्या बांधावरून सासू लेकाला जेवायला बोलवायची, ती हाक त्यांना आठवली. सासूला जाऊन वीस वर्षं झाली होती. त्यांनी तसाच गळा ताणला.

"ए उखर्डूऽऽ! घरी ये रेऽऽ! उखर्डूऽऽ!"

साहेब गर्रकन वळले, शाळकरी पोरासारखे. बायकोकडे त्यांनी पाहिलंही नाही. नजर कड्यावरच्या झाडांत कुणाला तरी शोधत होती. शोधता शोधता पायाखालचं पाणी दिसलं आणि ते धडपडत पळाले. काठावरच्या दोघांनी हात देऊन त्यांना ओढून घेतलं. मागे वळून पाहिलं तर खडक दिसत नव्हता.

ते निथळतच वर आले. जीव वाचला, पण आता चारचौघांत, सुनेदेखत, तोंड सुटणार! कुंदाबाईंनी यंत्र पुढे केलं. साहेबांना ते कानात बसवता येईना, तेव्हा त्यांनीच बसवून दिलं.

"माय होती," साहेब म्हणाले. "उखर्डू म्हणून हाक मारली तिनं मले. कुठून आला गं आवाज?"

सुनेसमोर, चक्क स्वतःच्या तोंडाने.

"अहो पप्पा, ती हाक तर आईंनीच..."

कुंदाबाईंनी ज्योत्स्नाचा हात दाबला. चाळीस वर्षं पाळलेलं आज मोडलं आणि मान गेला सासूला! क्षणभर वाईट वाटलं त्यांना, खोटं कशाला सांगा.

"वरून आला," त्या म्हणाल्या. "चला, आधी कपडे बदला."