मेहुण्याचा टर्बो

मेहुण्याने जुनी जपानी गाडी घेतली आणि मोठा टर्बो बसवायला माझ्याच गॅरेजमध्ये आणली. मी बसवला. त्यानंतर गाडी सावकाश चालवली की शहाण्यासारखी चालायची आणि जोरात दाबली की दम्याच्या पेशंटसारखी धापा टाकायची.

"भाऊजी, तुमच्याच हातून काही राहिलं असेल," तो म्हणाला.

पंचवीस वर्षं हेच काम करणाऱ्याला हे ऐकून घ्यावं लागतं. मी म्हटलं, तुझं पेट्रोल भेसळीचं आहे. मग पेट्रोल बदललं, पंप बदलला, प्लग बदलले. गाडी ढिम्म.

घरीही सुख नव्हतं. माझा एक निळा लोकरीचा मोजा हरवला होता आणि बायको म्हणत होती, तो धुवायला आलाच नाही. या घरात एक वस्तू जागेवर सापडेल तर शपथ, असं मी तिला रोज सुनावत होतो.

तिसऱ्या आठवड्यात मी टर्बोकडून इंजिनाला हवा नेणारा पाइप सोडवला. काम चालू असताना आत नटबोल्ट पडू नये म्हणून मी त्याच्या तोंडात नेहमी काहीतरी कोंबतो आणि न विसरता काढतो.

आत निळा लोकरीचा मोजा होता.

मेहुणा शेजारीच उभा होता. त्याने मोजा चिमटीत धरून झटकला आणि फोन लावला.

"ताई, मोजा सापडला," तो म्हणाला. "भाऊजींनी ठेवला होता तिथेच होता."