वरची माती, खालचं रोप

खण्ण! मांडणीवरचं झाकण फरशीवर पडलं आणि गोल गोल फिरत राहिलं. पाऊस नुकताच थांबला होता. भर दुपारी घर चिडीचूप होतं. गुंडीला थोपटता थोपटता तिच्या आईलाच डुलकी लागली होती. ती दचकून उठली. "मेलं मांजर!"

मांजर नव्हतं, मित्रांनो. ती मी होते.

मी एक जुनी दगडी भिंत आहे. गुंडीच्या घरामागच्या शेताला मी धरून ठेवते. म्हणजे, त्या दुपारपर्यंत धरून ठेवलं होतं. आता मी निम्मी उभी आहे आणि निम्मी खालच्या शेतात पडले आहे. चिखलातून बोलते आहे, तेव्हा आवाज खोल गेला तर सांभाळून घ्या.

इथे पूर्वी नुसता डोंगराचा उतार होता. पाणी मनाला येईल तिथून धावायचं आणि जाताना मूठभर माती घेऊन जायचं. डोंगराला त्याचं काहीच नव्हतं. पण गुंडीच्या पणजोबांच्या घरात खाणारी तोंडं पुष्कळ होती. नांगराला आडवे येणारे दगड त्यांनी वेचले आणि ज्या दगडांना शिव्या घातल्या होत्या, त्यांनाच रचून मला उभी केली. ना चुना, ना सिमेंट. मोठे दगड बाहेर, बारीक पोटात, आणि मधे फटी. माझ्या पाठीशी माती साठली, शेत सपाट झालं. तशीच शेतं खाली, तशीच वर. लांबून बघणारे म्हणतात, "काय निसर्ग आहे!" निम्मा निसर्ग, बाबांनो. निम्मे पणजोबा.

तरी दर पावसात थोडी माती खाली उतरतेच. म्हणून या घराची एक रीत आहे. पेरणीच्या आधी ती माती टोपल्यांनी पुन्हा वर न्यायची. घरातल्या प्रत्येकाने एक तरी खेप करायचीच, मग ती नवी नवरी असो की पाहुणा आलेला जावई. गुंडीची पहिली खेप आईच्या कडेवर बसून झाली, मुठीत एक ढेकूळ धरून. ते तिने वाटेतच खाल्लं.

पुढे शेतांची वाटणी झाली. वरचं शेत गुंडीच्या बाबांकडे आलं, खालचं तिच्या मोठ्या काकांकडे. रीत मात्र कुणी वाटली नाही. "वरची माती वर," असं मोठ्या काकू स्वतःच म्हणायच्या आणि टोपलीला हात लावायच्या.

पण माझं तोंड खालच्या बाजूला. वरच्यांना नुसता माझा माथा दिसतो, चेहरा रोज बघायचा तो काकूंनी. एकदा त्यांच्या अंगणात पाहुण्यांचा घोळका बसला होता. माझ्या फटींतून पाणी झिरपत होतं. काकू हसत हसत धाकट्या जावेला म्हणाल्या, "अगं, तुमची ती दातपडकी भिंत बघत बसावं लागतं मला. त्यात सदा रडतेय! जरा तिचं तोंड तरी पूस."

सगळे हसले. गुंडीची आईही हसली, पण हातातला चहा तिने तसाच खाली ठेवला.

उन्हाळ्यात तिने स्वतः थापी हातात घेतली. बाबा सिमेंट कालवायचे, ती एकेक फट बुजवायची, आणि गुंडी पाणी मारायची. निम्मं माझ्यावर, निम्मं स्वतःवर.

"भिंतीलाही पावडर लावलीस का गं?" काकूंनी खालून विचारलं.

"तुम्हालाच बघायची असते ना, ताई!"

दोघी खळखळून हसल्या. मीही सुखावले. इतक्या वर्षांत मला कुणी नटवलं नव्हतं.

मग पाऊस लागला. पाणी नेहमीसारखं माझ्या पाठीशी आलं, पण बाहेर पडायला वाटच नव्हती. माती फुगली, जड झाली. माझं पोट सुटलं. काकूंच्या अंगणातून ते दिसू नये, असं मला किती वाटत होतं! दगडाला पोट आत ओढता येत नाही, मित्रांनो. त्या दुपारी मी फुटले, आणि मांडणीवरचं झाकण हादरून पडलं. पणजोबांनी माझ्या पोटात जपून भरलेली बारीक खडी चारचौघांत उघडी पडली. वरच्या शेताची निम्मी माती खाली गेली, थेट काकूंच्या नुकत्याच लावलेल्या कांद्याच्या रोपांवर.

कुठे उतारावर एखादी ओली, वेडीवाकडी भिंत दिसली, तर तिचा एखादा निसटलेला दगड बसवा, तिच्यात वाढलेलं झुडूप उपटा. पण तिच्या फटी बुजवू नका. चारचौघांत हसं झालं म्हणून तर मुळीच नको.

गुंडीची आई टोपली घेऊन खाली आली, पण काकूंकडे बघेना. काकू चिखलात बसून रोपं चाचपत होत्या.

"ताई, माझ्यामुळे..."

"तुझ्यामुळे काय? जीभ कुणाची होती?" काकूंनी मानही वर केली नाही. "उचल. घट्ट बसायच्या आत ने. वरची माती वर."

आईने फावडं उचललं आणि तसंच धरून राहिली. कुठेही घातलं असतं, तरी काकूंची रोपं तुटली असती. आणि माती तिथेच राहिली, तर वरचं शेत यंदा पडीक.

एवढ्यात गुंडी आली. तिने पोचा पडलेलं ते झाकण आणलं होतं. तिने दोन्ही हातांनी उकरून झाकणात माती भरली आणि ते आईसमोर धरलं. मातीत एक रोप होतं, वाकलेलं, पण हिरवं.

"आई, माती आपली आहे आणि रोप काकूचं आहे. मग हे वर न्यायचं, की इथेच ठेवायचं?"