कोणापासून कोणाला

क्रांतीने लॅपटॉप पुन्हा उचलून पत्र्याच्या पेटीवर ठेवला. पेटीवर ठेवला की पाठीमागे नुसती निळी भिंत दिसे, पण रेंज जाई. खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला की रेंज येई आणि तिच्या खांद्यावरून थेट ओटीपर्यंतचं घर कॅमेऱ्यात शिरे. ओटीचं दार, आणि दाराच्या चौकटीला बांधलेला कडुलिंबाचा हिरवागार डहाळा.

"आई, तेवढा डहाळा काढा ना. कॉल होईपर्यंत तरी."

"बांधलेला लिंब असा काढत न्हाय गो," स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणाल्या. "देवी काय पावनी हाय, ऊठ म्हनायला?"

"देवी आलीच नाहीये, आई."

"हलू बोल."

क्रांतीने लॅपटॉप कट्ट्यावर ठेवला आणि खोलीचा पडदा ओढला. पडदा अर्ध्यावरच अडला. गेल्या वर्षी तिचं किडनीचं दुखणं निघालं तेव्हापासून तिचा नवरा प्रणय त्याच्या कड्या बदलणार होता, पण ट्रेलर घेऊन तो आठवड्याचे बरेच दिवस बाहेरच.

दुखणं आटोक्यात होतं. मात्र ते आटोक्यात ठेवणाऱ्या गोळ्या अंगाची प्रतिकारशक्तीच दाबून टाकत. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं: बाजार नाही, ऑफिस नाही, हळदी नाहीत, लोकांच्या ताप-सर्दीपासून लांब. ट्रान्सपोर्ट कंपनीच्या अलिबागच्या ऑफिसातले साहेब, परेशभाई, माणूस बरा. "बेन, तू घरनंच गाड्यांचे कागद बनव," म्हणाले होते. ती रोज सकाळी बसायची, ट्रेलर बंदरातून सुटेपर्यंत उठायची नाही. पण हजेरीचं ॲप मुख्य ऑफिसचं. तिथे रोज तिच्या नावापुढे एकच शब्द येई. रजा.

रजा या महिनाअखेर संपत होती. पुढे बिनपगारी, मग नाव कमी. नाव गेलं की कंपनीचा विमा जाणार, आणि विम्याबरोबर गोळ्या.

घरात वेगळीच तऱ्हा. लग्नसराई होती. आगरी घराचं दार दिवसा कुणी लावत नाही. तिने दारावर कागद चिकटवला होता, 'कृपया आत येऊ नये.' बायका तो वाचत आत येत आणि तिच्या पलंगावर बसत. "दिसतंस तर बरी! हलदीला याला नको म्हनून सोंग का गो?" एक जण तर शिंकून मग हसली होती.

परवा सकाळी कागद नव्हता. त्या जागी डहाळा होता.

"हे काय केलंत? लोकांना वाटेल मला कांजिण्या आल्यात."

"वाटूं दे. तुजा कागद कुनी मानला? लिंब सगली मानतान."

आणि खरंच, तेव्हापासून बायका अंगणातच थांबू लागल्या. पायांवर पाणी घेत, हात जोडत, नारळ ओटीच्या कडेला ठेवून मागे वळत. अंगणवाडीतल्या ताईंनीही निरोप धाडला, देवी उतरल्यावर लेकीला, चिऊला, पाठवा. क्रांतीला राग आला होता, आणि त्याच रात्री कित्येक महिन्यांनी झोपही लागली होती.

स्क्रीनवर मुख्य ऑफिसच्या नेत्रा मॅडम आल्या. तिशी-पस्तिशीच्या, कानात इअरफोन.

"क्रांती, तुमचं सर्टिफिकेट वाचलंय मी. पण प्रॉब्लेम समजून घ्या. परमनंट घरून काम द्यायला सिस्टीममध्ये एकच मेडिकल कारण आहे. संसर्ग. म्हणजे तुमच्यापासून इतरांना धोका असेल तर."

"मला इतरांपासून आहे."

"त्याला रजा आहे."

"पण मी काम करतेय, मॅडम. आज सकाळच्या गाड्यांचे कागदसुद्धा मीच केलेत."

"मला माहितीये. सिस्टीमला माहीत नाही." त्यांनी डोळे चोळले. "वर दोनदा लिहिलंय मी. म्हणतात, धोका नसलेला माणूस घरी का?"

क्रांतीने मांडीवरचा ओढणीचा पदर बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. नेत्रा मॅडमची नजर तिच्या चेहऱ्यावरून सरकून खांद्यामागे गेली होती.

"ते दारावर काय आहे?"

"कडुलिंब."

"देवी आल्यात घरात?"

नाही म्हणायला तिने तोंड उघडलं. हो म्हणायलाही तेच उघडावं लागलं असतं.

"सासूबाईंनी बांधलाय," ती म्हणाली. एवढं तरी खरं होतं.

"अहो, मग हे आधी सांगायचं ना! हे बसतं." कीबोर्डचा आवाज येऊ लागला. "कांजिण्या... संसर्गजन्य..."

तेवढ्यात स्वयंपाकघरात तेलात मोहरी तडतडली. त्यावर लसूण पडला, मग वरणात फोडणी. चर्र असा लांबलचक आवाज घरभर फिरून खिडकीशी आला.

कीबोर्ड थांबला.

"आम्ही तळा गावचे," नेत्रा मॅडम सावकाश म्हणाल्या. "मला लहानपणी देवी आल्या होत्या. त्या उतरेपर्यंत माझ्या आईने घरात फोडणीचा आवाज होऊ दिला नव्हता. शेजारणीलासुद्धा सांगून आली होती, थोडे दिवस सांभाळा म्हणून."

क्रांतीचे कान गरम झाले. मागे लसणीचा वास दरवळत होता, जणू तोही स्क्रीनमधून पलीकडे पोचत होता.

"मॅडम, मी..."

"टीव्ही चालू आहे का तुमच्याकडे?"

क्रांतीने स्वयंपाकघराकडे वळून पाहिलं.

"टीव्हीच असणार," नेत्रा मॅडम म्हणाल्या. त्या तिच्याकडे बघत नव्हत्या. "आवाज कमी ठेवायला सांगा. कधीपर्यंत लिहू?"

"डॉक्टरांनी तारीख नाही दिलेली."

"मग रिकामं ठेवते. उतरल्या की कळवा."

स्क्रीन काळी झाली. थोड्या वेळाने ॲपमध्ये तिच्या नावापुढचा शब्द बदलला. कामावर. हिरव्या अक्षरांत. खाली बारीक टाइपात, 'संपर्क टाळावा.'

ती स्वयंपाकघराच्या दाराशी गेली. सासूबाई जमिनीवर बसल्या होत्या. वरणाचं कढलं चुलीवरून उतरवून त्यांनी त्यावर ताट पालथं घातलं होतं.

"ऐकलं मी," त्या म्हणाल्या. "माजंच चुकलं. हाताला सवय गो."

"झालं काम, आई."

"झालं ना? मंग आता फोडनी बंद. मासली बंद. वर ऑफिसात लिवून दिलंव, आता पालायला नको?"

"आणि हे आले की काय खातील?"

"उकडलेला खाईल. मरत न्हाय."

क्रांती हसली, बऱ्याच दिवसांनी. खोलीत येऊन तिने राहिलेल्या गाड्या संपवल्या. संध्याकाळ होताना न्हाणीत पाण्याचा आवाज आला, तशी ती लॅपटॉप मिटून पलंगाच्या कडेला येऊन बसली. दिवसातली ही एक वेळ तिची. आंघोळ करून, धुतलेला फ्रॉक घालून चिऊ उंबऱ्यावरून उडी मारायची ती थेट मांडीत.

पावलं धावत आली आणि उंबऱ्याशी थांबली.

चिऊच्या हातात छोटा तांब्या होता. तिने एका पायावर पाणी घेतलं, मग दुसऱ्या. तांब्या खाली ठेवला. ओले हात जोडले, डोळे घट्ट मिटले आणि ओठ हलवत काहीतरी पुटपुटली.

"ये ना," क्रांती म्हणाली.

चिऊने डोळे उघडले. मान हलवली, आणि तांब्या उचलून हळूच, पाठ न दाखवता, मागे मागे जाऊ लागली.

क्रांतीचे पुढे केलेले हात तसेच राहिले.