गरम पावाची वाट अडवणारा दांडा

मित्रांनो, दोन प्रांतांच्या हद्दीवर, रस्त्याच्या कडेला, आभाळाकडे तोंड करून उभा असलेला लाल-पांढरा दांडा तुम्हाला दिसेल. तोच मी, कामातून मोकळा झालेला नाक्याचा जुना दांडा.

एका लोहाराने लांब पाइपाच्या टोकाला वजन जोडून मला घडवले. पहिल्याच दिवशी मोठमोठे ट्रक माझ्यापुढे गुमान थांबले आणि माझी मान ताठ झाली. मी आहे म्हणून प्रांत सुखरूप आहे, असेच मला वाटे.

आमच्या नाक्यावर पावासाठी एक खास नियम होता. पलीकडून येणारा प्रत्येक पाव तोलायचा, आणि गरम पावाचे वजन भरवशाचे नसते म्हणून तो थंड झाल्यावरच तोलायचा. अलीकडच्या गावातल्या भट्टीवाल्याने खटपट करून हा नियम आणवला होता. सांगताना तो लोकांच्या भल्याचे सांगे, पण गावात आपली भट्टी एकुलती एक राहावी, हे त्याच्या पोटातले कारण होते.

पलीकडून रोज सकाळी तीनचाकी घेऊन पाववाली यायची. तिच्या टोपल्यांतून वाफ निघत असायची. नाकेदारकाका स्वभावाने गरीब, पण नियमाचे पक्के. तिला दीड तास बसवून ठेवावे लागे. मग ते थंडगार पाव गावात कोण घेणार? गावकरी भट्टीवाल्याचे करपलेले पाव, तो सांगेल त्या भावाने, मुकाट्याने नेत. तिकडे पाववालीची सासू आणि दोन मुली तिच्याच भट्टीवर जगत होत्या. एके दिवशी ती म्हणाली, "काका, अजून महिनाभर असंच चाललं तर भट्टी विझवावी लागेल." मला माझ्या कामाची पहिल्यांदाच लाज वाटली.

त्याच सुमारास जुने नियम तपासायला प्रांताच्या एक अधिकारीबाई आल्या. पावाच्या या नियमाने इतक्या वर्षांत काय वाचवले, असे त्यांनी विचारले. काका म्हणाले, "खोटं कशाला बोलू बाई? वजनात कमी पाव एकही सापडला नाही. वाचली ती फक्त भट्टीवाल्याची मेहनत."

पंधरा दिवसांत नियम उठला आणि मी उभा राहिलो. काका तेवढी गाड्यांची नोंद ठेवू लागले. आपल्या पोटावर पाय आणला म्हणून भट्टीवाल्याने आकांडतांडव केले, आठवडाभर डोक्याला हात लावून बसला. पण गिऱ्हाईक फिरकेना तेव्हा गडी जागा झाला. त्याने भट्टी नीट केली, खुसखुशीत बिस्किटे काढली. आज ती पलीकडेही हातोहात खपतात.

गोष्ट इथेच संपली असती तर बरे झाले असते. काही वर्षांनी पाववालीच्या तीन गाड्या झाल्या. मग डोंगरापलीकडून एक नवा पाववाला येऊ लागला. त्याचे पाव तिच्याहून मऊ आणि स्वस्त. एका सकाळी ती हातात अर्ज घेऊन आली. त्याचे पाव तपासायला हवेत, दांडा थोडे दिवस खाली घ्या, असे ती म्हणू लागली. जिच्यासाठी मी उभा राहिलो, तीच मला आडवे करायला आली, याचे मला फार वाईट वाटले.

काकांनी अर्ज शांतपणे वाचला. म्हणाले, "देतो वर पाठवून. फक्त त्याला किती वेळ बसवायचं ते लिहा. पाव किती वेळात थंड होतो, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक?"

तिने अर्ज काकांच्या हातून घेतला, त्याची घडी केली आणि ती परत गेली. दुसऱ्या दिवशी तिची गाडी अर्धा तास लवकर आली.

मित्रांनो, माझ्या बिजागरीला तेल घालत जा, मला गंजू देऊ नका. खरे संकट आले तर मी खाली येईनच. पण एरवी कुणी तुमच्या भल्यासाठी म्हणून मला ओढायला आले, तर आधी त्याला विचारा, पलीकडे ताटकळणार कोण?